वैजनाथच्या डब्याचा पुढचा पोर्ट

भुताची गोष्ट सांगणारे आधी अमावस्या सांगतात. मग वड सांगतात. मग वाटेतला पूल.

माझ्या गोष्टीत यातलं काहीच नाही.

भर दुपार होती. मुखेडचा आठवडी बाजार भरला होता. माझ्या दुकानासमोर एक मेथीवाली घसा फोडून ओरडत होती. आणि मी हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले होते.

मागच्या पौषातली गोष्ट. जे झालं ते मी या डोळ्यांनी बघितलंय. कुणाला थाप वाटली तर खुशाल वाटू द्या. थापा मारून मला काय मिळणार?

आणि एक आधीच सांगते. मी बुद्धप्रिया सोनकांबळे. आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या आहेत. पिंड, श्राद्ध, कावळा, यातलं आमच्यात काही करत नाहीत. माझी माय गेली तेव्हा आम्ही वंदना घेतली, पुण्यानुमोदन केलं, लोक जेवून गेले. बस्स. भूत-बित मानणाऱ्यांना तोंडावर हसणारी बाई आहे मी.

म्हणूनच मला हे सांगावं लागतंय.

मुखेडच्या बसस्टँडजवळ माझं कॉम्प्युटर रिपेरीचं दुकान आहे. पत्र्याचं. ते उभं राहिलं मायमुळं. ती रोजंदारीनं जायची आणि मला म्हणायची, "तू उन्हात यायचं न्हाई. तू सावलीतलं काम शीक." लोक हसायचे. पोरीच्या जातीनं मशीन खोलायची म्हणजे काय! माय त्यांना म्हणायची, "तुमच्या पोरांचे हात थरथर करतात, माझ्या पोरीचे न्हाई करत." दुकान झाल्यावर ती रोज येऊन दाराजवळच्या स्टुलावर बसायची. एका सकाळी ती उठलीच नाही. आजार नाही, निरोप नाही, काही नाही.

स्टूल अजून तिथंच आहे.

त्या दुपारी मी भाकरी सोडणार तेवढ्यात दारात एक म्हातारा उभा राहिला. खांद्यावर पोतं. मागं एक पोरगी, हातात कीबोर्ड. पोत्यातून त्यानं सीपीयू काढला आणि हळूच टेबलावर ठेवला. पिवळा पडलेला, जुना, जड.

"ताई, विंडोज मारून पाहिजे," पोरगी म्हणाली.

मी तो डबा बघून हसलेच. "बाबा, हे कुठून उकरून आणलं?"

"मपल्या लेकाचं हाय."

"मग लेकाला म्हणावं, हे भंगारात घाल आन नवं घे."

पोरगी कीबोर्डची वायर गुंडाळत राहिली.

मग माझं लक्ष पोरीच्या कपाळाकडं गेलं. मोकळं होतं. माझ्या धाकट्या बहिणीएवढं वय असेल तिचं.

"तो न्हाई आता," म्हातारा म्हणाला.

माझं तोंड नको तिथं चालतं, हे माय नेहमी म्हणायची. मी दाराजवळचं स्टूल पुढं केलं. म्हातारा त्यावर बसला.

त्याचं नाव दगडोबा. पोरगी त्याची सून, अयोध्या. लेक वैजनाथ. मुखेडच्या पुढं एका वाडीवर राहणारी माणसं. वैजनाथनं हा कॉम्प्युटर लातूरहून जुनाच आणलेला. त्यावर तो वाडीतल्या पोरांचे फॉर्म भरायचा, बायांना फोटो काढून द्यायचा. सगळी वाडी त्याला वैजूचा डबा म्हणायची. दिवाळीच्या आधी त्याला कावीळ झाली. आधी गावठी औषध केलं. नांदेडला नेलं तोवर ती पोटात उतरली होती.

"ते गेल्यापासून हे चालूच झालं न्हाई," अयोध्या म्हणाली. "मला येतंय सगळं. त्यांनीच शिकवलंय. चालू झालं तर मी चालवीन. मामाला सोडून कुठं जायची गरज न्हाई मग."

दगडोबा खाली बघत होता.

"हिचा भाऊ आला होता भोकरहून," तो म्हणाला. "हनुमंत. चल म्हणतो. ही न्हाई म्हणती. संक्रांत झाली की तो परत येणार हाय. ही म्हणती, हातात काम असलं की त्याला सांगता येतं."

म्हणजे एवढंच होतं. डबा चालू झाला तर ही पोरगी त्या वाडीवर राहणार. जन्मभर. नाही झाला तर भाऊ तिला घेऊन जाणार.

मला कीव आली. मनात म्हणलं, देऊ करून. अर्ध्या दुपारचं तर काम.

मी कॅबिनेट खोललं. आत उंदरानं घर केलेलं. समोरच्या बाजूचे जे यूएसबी पोर्ट असतात ना, ज्यात आपण सहज पेनड्राईव्ह लावतो, त्यांची आतली वायर पार कुरतडून ठेवली होती. नुसतीच लोंबत होती. अशी वायर ठेवली की बोर्ड शॉर्ट व्हायचं भ्या. मी ती दोन्हीकडून उपसून काढली आणि स्क्रू ठेवायच्या बरणीच्या झाकणात टाकली.

"पुढचे पोर्ट बाद," मी म्हणाले. "मागच्यांवर भागवा."

चालू केलं. पंखा फिरला. एक बीप झाली.

आणि मग...

टक.

टक टक.

घाबरले नाही मी. जुनी हार्ड डिस्क मरायला लागली की असाच आवाज करते. स्क्रीनवर अक्षरं आली, बूट करायला, म्हणजे सुरू व्हायला, काही सापडत नाही. ते तर होणारच. मी डिस्क काढून टेबलावर ठेवली आणि माझ्याकडची एक चांगली डिस्क लावली.

मग विंडोजचा पेनड्राईव्ह मागच्या पोर्टात घातला.

पेनड्राईव्हला एक बारीक निळा लाईट असतो. पोर्टात घातला की लागतो.

तो लागला नाही.

दुसऱ्या पोर्टात घातला. नाही. तिसऱ्या. नाही. त्याच पोर्टांत माऊस लावून बघितला, तर माऊसचा लाल लाईट ठणठणीत! म्हणजे पोर्ट जिवंत. पेनड्राईव्ह माझ्या काऊंटरवरच्या मशीनला लावला. लगेच निळा लाईट. लगेच बूट. म्हणजे तोही जिवंत.

परत डब्याला लावला... काही नाही.

जुन्या मशीनची नाटकं मला पाठ आहेत. बोर्डावरचा सेल बदलला. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मुळाच्या सेटिंगमध्ये, जाऊन पेनड्राईव्हला पहिला नंबर दिला. पेनड्राईव्ह बनवायच्या दोन पद्धती असतात, नव्या मशीनची वेगळी, जुन्याची वेगळी. चुकीच्या पद्धतीनं बनवला तर जुनं मशीन बूट होत नाही. निम्मे लोक तिथंच फसतात. मी तो पुसून जुन्या पद्धतीनं बनवला. मग दुसरा पेनड्राईव्ह घेतला. मग तिसरा.

डबा कशालाच शिवेना.

बूट न होणं मी समजू शकते. पण लाईटच लागू नये? त्याला तर नुसता करंट लागतो. माऊसला मिळतोय आणि ह्याला नाही?

"ह्याच्या आईला!" मी वैतागून बोलले आणि जीभ चावली.

तेवढ्यात...

टक.

टक टक.

मी चालू मशीनकडं बघितलं. मग टेबलाकडं बघितलं.

मेलेली डिस्क टेबलावर होती. माझ्या कोपराशी. तिला एकही वायर नव्हती. मी हात लावला. गार.

आवाज डब्यातून येत होता.

पंख्यात वायर अडकत असेल म्हणून मी भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद केलं. प्लगसुद्धा उपसला. पंखा थांबला. सगळं थांबलं.

टक... टक टक.

अयोध्या दाराशी उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. म्हणजे तिलाही ऐकू येत होतं.

"वर कावळा असंल," मी म्हणाले. माझे पत्रे आहेत, कावळे चोची मारतात कधी कधी. मी झाडू घेऊन बाहेर आले आणि वर बघितलं.

पत्र्यावर काही नव्हतं.

पलीकडच्या मटणाच्या दुकानामागं सदा कावळ्यांची शाळा भरलेली असते. बाजाराच्या दिवशी तर बघायलाच नको. त्या दिवशी तिथं एक कावळा नव्हता. तारेवर नव्हता. लिंबावर नव्हता. आख्ख्या बाजारात मला एकही कावळा दिसला नाही.

मी आत आले. झाडू कोपऱ्यात ठेवला.

"शिवंना का?" दगडोबानं विचारलं.

"काय?"

"शिवंना का म्हणलं त्याला. तुम्ही एक सोडून तीन पुढं केले. ते बगून राहिलंय, पण शिवंना." त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "दहाव्याला असंच झालं होतं, बाई."

मग त्यानं सांगितलं. वैजनाथच्या दहाव्याला नदीवर पिंड मांडला. कावळा समोरच्या बाभळीवर येऊन बसला. बसला तो बसलाच. पिंडाकडं बघायचा, फांदीवर चोच मारायचा, पण खाली येईना. पाव्हणे एकेक करून पुढं झाले. कुणी म्हणालं, तुझ्या बापाला अंतर देणार न्हाई. कुणी म्हणालं, तुझी बारीकसारीक देणीघेणी आम्ही बघू. चुलता म्हणाला, तुझ्या नावानं लिंब लावू. सूर्य डोक्यावर आला. लोकांना उपास. शेवटी भटजीनं दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि उरकलं.

"मला तवाच वाटलं," दगडोबा म्हणाला, "लेकराचं कायतरी राहिलंय. काय राहिलं ते आम्हाला घावलंच न्हाई."

"बाबा, हे पेनड्राईव्ह हाय," मी म्हणाले. "पिंड न्हाई."

बोलायला बोलले. पण माझ्या आवाजात रोजचा ठसका नव्हता.

"एक डाव चालू कर, बाई," तो म्हणाला. "म्हाताऱ्यासाठी."

मी प्लग लावला. मशीन चालू केलं. पेनड्राईव्ह मागच्या पोर्टात घातला. अंधार. स्क्रीनवर तीच अक्षरं.

दगडोबा स्टुलावरून उठला. दाराबाहेर जाऊन पायातल्या चपला काढून आला. त्या धुळकट डब्यासमोर उभा राहिला. आणि त्यानं हात जोडले.

दुसरा कुणी असता तर मी दुकानातून हाकलला असता. खरंच सांगते. पण बापानं लेकासमोर हात जोडलेले मला बघवेनात. मी स्क्रूच्या झाकणाकडं बघत बसले.

"वैजनाथा," तो म्हणाला. "तुझ्या बायकोला मी लेकीसारखी सांभाळीन."

लाईट नाही.

"तिला कुणी घराभाईर काढणार न्हाई. मी जित्ता हाय तोवर न्हाई."

नाही.

"हा तुझा डबा तिलाच ठेवीन. तुझ्या जागी ती बसंल. शिव रे बाप्पा आता..."

टक टक. टक टक टक. आवाज वाढला. आता लपवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. टेबलावरचे स्क्रू त्या आवाजानं हलत होते.

आणि मला कळलं की बाहेर आवाज नाही.

मेथीवाली ओरडत नव्हती. एसटीचा हॉर्न नव्हता. आख्खा बाजार बाहेर भरलेला, माणसं दारावरून जात होती, तोंडं हलत होती त्यांची. आवाज फक्त डब्याचा.

"मामा, थांबा."

अयोध्या भिंतीला टेकली होती. तिच्या डोळ्यांतून धार लागली होती.

"तुम्ही सांगून न्हाई व्हायचं ते," ती म्हणाली. "ते तुम्हाला न्हाई मागून राहिले. मला मागून राहिले."

दगडोबानं वळून बघितलं.

"दहाव्याला मला न्हाई नेलं नदीवर. बायांनी यायचं नसतं म्हणले. मी घरी बसून होते. पिंडाला कावळा शिवला न्हाई, हे मला चुलतीनं सांजच्याला सांगितलं. मला कुणी विचारलं बी न्हाई, मामा."

"तुला ठावं होतं?"

"हाव."

"मग सांगितलं कामून न्हाई, पोरी?"

 पदराचा बोळा तोंडात धरून ती उभी राहिली. मी पाणी दिलं. ते तिनं नुसतं हातात धरलं.

"नांदेडला दवाखान्यात," ती म्हणाली, "ते रात्रंदिवस त्या सिस्टरबाईकडं बगायचे. सलाईन कशी लावती, गोळ्या कशा देती. एकदा मला म्हणले, अयोध्या, तू बारावी सायन्स हायस. तू नर्सिंगला जा. माझं काही झालं तर त्या डब्यापुढं बसून राहू नको. वाडीवर राहू नको. मी..."

तिनं पदरानं नाक पुसलं.

"मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. असं अभद्र बोलू नका म्हणलं. ते परत बोलायला गेले. मी परत हात ठेवला. त्यांनी माझा हात काढला न्हाई. नुसतं बगत राहिले. मग ते कधी बोललेच न्हाई, मामा. तसेच गेले."



आपल्याकडं असंच तर करतात. माणूस मरणाचं बोलायला लागला की आपण त्याचं तोंड दाबतो. मायेनंच दाबतो. आणि मग दहाव्या दिवशी नदीवर जाऊन कावळ्याला विचारत बसतो, बाबा रे, तुझं काय राहिलं?

अयोध्या पुढं आली. तिनं मागच्या पोर्टातला पेनड्राईव्ह काढला. डब्यासमोर उकिडवी बसली.

"ते इथं लावायचे," ती म्हणाली, आणि तिनं तो पुढच्या पोर्टात घातला.

 तेव्हा मला काही सुचतच नव्हतं.

"मी जाते," ती डब्याला म्हणाली. "मी नर्सिंगला जाते. तुम्ही म्हणले होते तसं."

टकटक थांबली.



निळा लाईट एकदा लुकलुकला... आणि विझला.

अयोध्यानं दगडोबाकडं बघितलं. "मामा. तुम्ही बी म्हणा."

म्हाताऱ्यानं टेबलाची कड धरली. मला वाटलं हा आता पडतो. मी उठून त्याचा हात धरला.

"जग काय म्हणंल," तो पुटपुटला. "लेक गेला आन म्हाताऱ्यानं सून हाकलली म्हणतील. त्याच्यामुळं मी तुला एकदा बी जा म्हणलो न्हाई. रोज रातच्याला मनात यायचं. हिला धाड, हिचं वय काय, हिला धाड. आन सकाळी तू च्या आणून द्यायचीस. मग तोंड उघडायचंच न्हाई माझं. तू गेल्यावर घरात कोण हाय मला?"

"मी सुट्टीला येत जाईन."

"येशील?"

"आधी तुमच्याकडं येईन. मग भोकरला."

दगडोबानं डोळे पुसले. डब्याजवळ गेला. लहान पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा त्यानं त्या पिवळ्या पत्र्यावरून हात फिरवला.

"जा माय," तो म्हणाला. "मी सोताच तुला सोडायला येतो. वैजनाथा, ऐकलं का रे? मी सोता सोडतो तिला."

लाईट लागला.

निळा. स्थिर.

स्क्रीनवरची अक्षरं गेली. मग विंडोजची खिडकी आली आणि भाषा निवडा म्हणाली. रोज बघते मी ती खिडकी. त्या दिवशी मला रडू फुटलं.

बाहेर मेथीवाली ओरडली. इतक्या जोरात की मी दचकले. एसटी पोंऽऽ करून गेली. आणि माझ्या पत्र्यावरून काहीतरी उडाल्याचा आवाज आला. पंखांचा. मी बघायला गेले नाही.

विंडोज नीट चढली. कुठं अडली नाही. चहा मागवला, तो तिघांच्याही पुढं गार झाला. अयोध्या स्क्रीनकडं बघत होती आणि मधेच हसत होती, मधेच डोळे पुसत होती.

"झालं," मी म्हणाले. "घेऊन जा."

दगडोबानं सुनेकडं बघितलं. "आता कशाला न्यायचं? ही तर चालली." मग मला म्हणाला, "ठेवा तुमच्याकडंच, बाई. कुणा गरिबाच्या लेकराला द्या." मेलेली डिस्क मात्र त्यानं मागून घेतली. रुमालात बांधली. "ही नदीला नेतो," म्हणाला.

ते एसटीकडं गेले. सून पुढं, सासरा मागं. मी ती गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. बरं वाटत होतं मला. खरंच बरं वाटत होतं.

मग मी कॅबिनेट बंद करायला बसले.

स्क्रू घ्यायला त्या बरणीच्या झाकणात हात घातला...

हाताला वायर लागली.

उंदरानं कुरतडलेली. मी माझ्या हातानं दोन्हीकडून उपसून काढलेली. पुढच्या पोर्टाची.

 मी खाली वाकून कॅबिनेटच्या आत बघितलं. पुढच्या पोर्टाच्या मागं काही नव्हतं. नुसती मोकळी पिन. बोर्डापर्यंत यायला त्याला वाटच नव्हती. त्या पोर्टात पेनड्राईव्ह घालणं आणि भिंतीच्या भोकात घालणं सारखंच.

आणि त्याच पोर्टातून आख्खी विंडोज चढली होती.

मी तोच पेनड्राईव्ह परत त्याच पोर्टात घालून बघितला. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, नंतर कितीदा तरी. लाईट लागत नाही. लागणारच नाही, कसा लागेल? मागच्या पोर्टांत मात्र आता लगेच लागतो. तिन्ही पेनड्राईव्ह चालतात.

नांदेडला माझ्या ओळखीचा एक प्रीतम म्हणून आहे, बोर्ड रिपेर करतो. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, तू मागच्याच पोर्टात लावला असशील, घाबरल्यामुळं लक्षात न्हाई. मी वाद घातला नाही. तिथं मी होते, तो नव्हता.

अयोध्या नांदेडला नर्सिंगला लागली. दगडोबा खरंच तिला सोडायला गेला होता, पोत्यात ज्वारीचं पीठ घेऊन. सुट्टीला ती आधी वाडीवर येते. जाता जाता माझ्या दुकानात डोकावते. डब्याकडं एकदा बघते. आम्ही दोघी त्यावर बोलत नाही.

डबा मी कुणाला दिला नाही. देणार होते. हात होत नाही.

मी अजूनही पिंड मानत नाही. प्रतिज्ञा अजून भिंतीवर आहेत, आणि मी त्या मोडणार नाही. पण दुपारी कधी गिऱ्हाईक नसतं. दाराजवळ ते रिकामं स्टूल असतं. मग मी डबा चालू करते, पेनड्राईव्ह घेते आणि पुढच्या पोर्टात घालते.

"माय," मी म्हणते. "तुझं काही राहिलंय का?"

मग मला सुचेल ते बोलते. धाकटीला शिकवीन. वेळेवर जेवीन. उन्हात जाणार न्हाई. तोंड सांभाळून बोलीन.

लाईट लागत नाही.

मी स्वतःला समजावते, बरंच आहे. म्हणजे मायचं काही राहिलं नाही. ती सुखानं गेली.

पण परवा मी असंच बोलून पेनड्राईव्ह काढायला हात पुढं केला. डबा बंद करून टाकला होता. दुकानात मी एकटी होते.

आणि आतून आवाज आला...

टक.

एकदाच.

मी अजून विचार करतेय. सगळं तर सांगून झालं माझं. आता आणखी काय बोलायचं राहिलं असेल?